काठोकाठ भरलेला रांजण

फार फार मागची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी सगुणाबाईच्या पाणपोईवर दोन मातीचे रांजण होते. धाकट्याला आपल्या अंगातून पाझरणारं पाणी बघवेना.

"बाई, मला बाहेरून डांबर फासा," त्याने हट्टच धरला.

"अरे, पाझरतोस म्हणून तर पाणी गार राहतं," थोरला म्हणाला.

"तू बस झिरपत!"

शेवटी बाईने डांबर फासलं. पाझर थांबला. भर उन्हात एक वाटसरू आला. त्याने धाकट्यातलं कोमट पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि तो थोरल्याकडे वळला. मग सगळेच तिकडे वळू लागले.

उन्हाळा सरता सरता बाईने धाकट्यातलं अळ्या पडलेलं पाणी उकिरड्यावर ओतलं.

"एवढं जपलं होतं हो मी!" तो कळवळला.

त्या पाण्याकडे कावळासुद्धा फिरकला नाही.