काटे कुठल्या अंगाला

कुंपणं माणसांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. माळावर गोदाक्काचं घर होतं आणि अंगणाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. दर सोमवारी ती मातीच्या परळात पाणी भरून ठेवी, शेजारी भाकरी ठेवी, काजळ्या कुत्र्याला अंगणात सोडून कवाड लावी आणि बाजाराला जाई.

काजळ्याच्या अंगाचा तिळपापड होई. एका सोमवारी तो कुंपणावर खेकसला, "मी काय चोर आहे, मला कोंडून ठेवतंस ते?"

"काटे कुठल्या अंगाला आहेत ते बघ," कुंपण म्हणालं. "गोदाक्कानं बुंधे आत ठेवलेत, काटे बाहेर."

"मला शिकवू नकोस!" म्हणत काजळ्या कुंपणाखालची माती उकरू लागला. ऊन कलेपर्यंत चांगलं भगदाड पडलं. त्यानं खुशीत नाक बाहेर काढलं, तर समोरून दुसरं नाक आत आलं. ते लांडग्याचं होतं.

"वाट केलीस, बरं झालं," लांडगा म्हणाला.

काजळ्या गर्रकन वळला आणि मागच्या पायांनी माती लोटू लागला. लांडग्याचे डोळे मातीनं भरले, खांद्यात काटे रुतले आणि तो कळवळत माळाकडे पळाला. तरी काजळ्याचे पाय थांबेनात.

तेवढ्यात कवाड वाजलं. गोदाक्काला बघून त्याच्या जिवात जीव आला. तो मातीसकट तिच्या पायांवर लोळला.

"मेल्या, दिवसभर अंगण उकरत बसलास होय?"

"उकरत नव्हता गं," कुंपण हळूच म्हणालं. "बुजवत होता."