दिवाणसाहेबांची खुर्ची

त्र्यंबकराव दिवाणांचा हुकूम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. महाराज शाळा बघायला येणार म्हणून त्यांनी फर्मावलं होतं, "अंगणात झेंडूच्या आठ ओळी लावा, प्रत्येक ओळीत सात रोपं."

हरबाजी गुरुजींनी ते काम दुसरीच्या मुलांवर सोपवलं. पाढा घोकण्याआधी तो डोळ्यांना दिसावा, असं त्यांचं मत. दिवाणांच्या मते हे नुसते लाड होते.

रोपांना कळ्या आल्या तेव्हा दिवाण पाहणीला आले. फाटकापाशी खुर्ची टाकून त्यांनी ओळी मोजल्या आणि त्यांचा आवाज चढला.

"ओळी सातच आहेत, आणि प्रत्येकीत आठ रोपं. सगळं उपटून टाका. आणि गुरुजी, उद्यापासून तुम्हीही येऊ नका."

मुलांचे चेहरे उतरले. गुरुजींना वाद घालता आला असता. पण सात-आठाचा हा हिशेब नुसता सांगून दुसरीतल्या मंजुळेलाही कळला नव्हता, वाफ्याभोवती फिरली तेव्हा कळला होता. ते म्हणाले, "मंजुळे, तुला कुठून कळलं, ते साहेबांना दाखव."

मंजुळा चिखलाच्या हातांनी तशीच खुर्चीपाशी गेली. "साहेब, उठा. विहिरीकडून बघा."

दिवाणांना 'उठा' म्हणणारं आजवर कुणी भेटलं नव्हतं. त्या नवलातच ते उठले, वाफ्याच्या डाव्या अंगाला असलेल्या विहिरीपाशी गेले आणि बोटाने मोजू लागले. आठ ओळी भरल्या, प्रत्येकीत सात रोपं. त्यांनी पुन्हा मोजलं.

"मघाशी सात होत्या," ते पुटपुटले. "आता आठ कशा झाल्या?"

"रोपं होती तिथेच आहेत, साहेब," गुरुजी शांतपणे म्हणाले. "फक्त आपण खुर्ची सोडलीत."