धुक्यातल्या दोन हाका

फार जुनी गोष्ट. एक नदी जिथं समुद्राला मिळायची, त्या तोंडावर कोळ्यांचं एक लहानसं गाव होतं. तिथं नदीचं हिरवं पाणी आणि समुद्राचं निळं पाणी शेजारी शेजारी वाहायचं. मधे फेसाची पांढरी रेघ. एका काठाला माडांची दाटी, दुसऱ्या काठाला कांदळवन. ओहोटी लागली की मधोमध वाळूचा लांब पट्टा वर यायचा आणि उन्हात चांदीसारखा चमकायचा. त्यावर पांढरे पक्षी उतरायचे. बघणाऱ्याचा पाय तिथून निघत नसे.

पण जुनी माणसं सांगायची, "धुकं उतरलं की त्या पट्ट्यावर थांबू नका. खाडी हाक मारते. आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात मारते."

त्या गावात दोन जावा होत्या. थोरली येसू, धाकटी द्वारकी. द्वारकीला मूल नव्हतं. येसूला मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या दिवशी येसूनं चारचौघींत द्वारकीला पाळण्याला हात लावू दिला नाही. द्वारकी तशीच घरी गेली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

एका सकाळी दोघी तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचायला पट्ट्यावर गेल्या. येसू या टोकाला, द्वारकी त्या टोकाला. पट्ट्यावर ऊन पडलं होतं, पाणी आरशासारखं होतं. आणि बघता बघता समुद्रावरून धुकं आलं.

पक्षी उडाले, पण पंखांचा आवाज आला नाही. लाटा फुटत होत्या, त्यांचाही आवाज येईना. द्वारकीला स्वतःचे पाय दिसेनासे झाले. घोट्याला पाणी लागलं, तेव्हा भरती सुरू झाल्याचं तिला कळलं.

तेवढ्यात डाव्या बाजूनं हाक आली. आवाज येसूचा होता.

"द्वारके, ये गं. माझं चुकलं. मी असं वागायला नको होतं. ये, पोरगी तुझ्या मांडीवर देते."

द्वारकीचे डोळे भरून आले. हेच ऐकायला ती इतके दिवस झुरत होती. तिनं डावीकडे पाऊल टाकलं. वाळू मऊ होती, पाणी कोमट होतं.

मग उजवीकडून दुसरी हाक आली. तोही येसूचाच आवाज, पण घोगरा, रागावलेला.

"कोण आहे तिकडं? द्वारकी का? इकडे येऊ नकोस. चिखल आहे, मी मांडीपर्यंत रुतलेय. तू आपली मागे फिर. शेजारणीकडे पोरगी ठेवलीय, तिला बघ."

द्वारकी जागच्या जागी थांबली. डावीकडचा आवाज हसून म्हणाला, "तिचं ऐकू नकोस. इथं किती छान आहे बघ. ये."

"फिर मागे म्हणते ना," उजवीकडून येसू ओरडली.

द्वारकीनं दोन्हीकडे कान लावला. कोणती हाक खरी? एक तिला हवं ते सगळं देत होती. दुसरी काहीच देत नव्हती. फक्त तिला वाचवायला बघत होती.

ती उजवीकडे वळली.

येसू खरोखरच चिखलात अडकली होती. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं. द्वारकीनं आपली टोपली चिखलावर पालथी घातली, तिच्यावर पोट टेकून आडवी झाली आणि लुगड्याचा पदर सोडून येसूकडे फेकला. येसूनं तो मनगटाला गुंडाळला. द्वारकीनं ओढलं, पुन्हा ओढलं. बऱ्याच वेळानं चिखलानं येसूला सोडलं.

दोघी काठाजवळच्या कडक वाळूवर आल्या, तोवर धुकं विरलं. द्वारकीनं मागे पाहिलं. गोड हाक जिथून येत होती तिथं वाळू नव्हतीच. तिथं खोल डोह होता. चारी बाजूंनी भरती उसळत होती, पण डोहाच्या पाण्यावर साधी लहर नव्हती. हिरवंनिळं, काचेसारखं पाणी. इतकं सुंदर पाणी दोघींनी आजवर पाहिलं नव्हतं.

त्या पाण्यातून हळूच आवाज आला, "जाऊबाई, या ना."

आवाज द्वारकीचा होता. द्वारकी तर येसूच्या शेजारी ओठ मिटून उभी होती.

येसूनं तिचा हात घट्ट धरला आणि दोघी घराकडे निघाल्या. अंगणात पोचल्यावर येसूनं द्वारकीला पायरीवर बसवलं, घागर आणली आणि म्हणाली, "पाय पुढे कर, चिखल धुते."

"राहू द्या, मी धुईन," द्वारकी म्हणाली.

"गप्प बस," येसू म्हणाली आणि खाली वाकून तिचे पाय धुऊ लागली. तिच्या डोळ्यांतलं पाणी द्वारकीच्या पायांवर पडत होतं. दोघींनीही ते पुसलं नाही.

यातून घ्यायचं तात्पर्य असं: आपल्याला हवं तेच गोड बोलून जवळ बोलावणारा आपला असेलच असं नाही, स्वतः संकटात असूनही जो आपल्याला धोक्यापासून दूर राहायला सांगतो, तो आपला.