ढोलीतला कोंबडा

मुलांनो, एका डोंगराच्या पायथ्याशी, दाट रानात एक रानकोंबडा राहत असे. तांबडे फुटले की तो आरवे, आणि मगच सशीण पिलांना घेऊन ओढ्यावर पाणी प्यायला निघे. बांग ऐकल्याशिवाय बिळाबाहेर पाऊल टाकायचे नाही, ही तिच्या घराची रीतच होती. कारण ऊन वर आले की ओढ्यावर कोल्हा येई.

एका वर्षी थंडी अशी कडाक्याची पडली, की कोंबड्याने आपली उघडी फांदी सोडली आणि एका आंब्याच्या खोल ढोलीत मुक्काम हलवला. काय ऊब होती तिथे! ना वारा, ना दव, ना उजेडाची तिरीप. तो दिवसाही तिथेच बसू लागला. मग आज बांगेला थोडा उशीर, उद्या आणखी थोडा. दिवसभर डोळ्यांवर झापड, आणि रात्री झोप येता येईना. एके दिवशी तो आरवला तेव्हा चांगलेच ऊन पसरले होते. सशीण ओढ्यावर पोहोचते तो कोल्हा समोर! पिले कशीबशी वाचली, पण धाकट्याचा कान फाटला.

"आळशी! ऐतखाऊ!" सगळे रान कोंबड्यावर तुटून पडले.

"आळस नाही हो," तो बिचारा रडकुंडीला येऊन म्हणाला, "मला आतून पहाट झाल्यासारखी वाटते, तेव्हाच मी आरवतो."

म्हातारी वानरीण तेवढी त्याच्यावर रागावली नाही. "बाबा रे, सकाळ डोळ्यांनी पाहून किती दिवस झाले तुला?" तिने विचारले. कोंबड्याला आठवेना. "कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, हे खरं. पण झाकलेल्या कोंबड्याला तो उगवल्याचं कळणार कसं? रात्री झोप खुशाल ढोलीत. पहाटे मात्र फांदीवर यायचं. चार दिवस मी उठवीन तुला."

पहिले काही दिवस कोंबडा फांदीवर कुडकुडत, पेंगत, कोवळे ऊन अंगावर घेत बसला. मग एके पहाटे वानरिणीने हाक मारण्याआधीच त्याचे डोळे उघडले. पूर्वेला नुकते फटफटत होते. त्याने मान उंचावून खणखणीत बांग दिली. सशीण पिलांसह आली, सगळी पोटभर पाणी प्यायली आणि गेली. फाटक्या कानाचा धाकटा तर उड्या मारतच गेला. ते पाहून कोंबड्याचा ऊर भरून आला. ऊन वर आल्यावर कोल्हा आला, तेव्हा काठावरच्या चिखलात त्याला इवलीइवली पावले तेवढी दिसली.

तात्पर्य : सकाळच्या उजेडाकडे पाठ फिरवली, की अंगातले घड्याळ चुकते, म्हणून पेंगणाऱ्याला आळशी म्हणण्याआधी त्याला उजेडात आणावे.