हरबाने मुलं मोकळी सोडली

खैरवाडीत हरबा नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे किती, ते आधी ऐका. गावच्या किराणा दुकानदाराने त्याला कामाला ठेवलं आणि एकदा सांगितलं, "मी जेवून येतो. दुकानावर लक्ष ठेव." हरबा समोरच्या पारावर जाऊन बसला आणि दुकानाकडे टक लावून बघत राहिला. कुत्रं आलं, गुळाची ढेप चाटून गेलं. गाय आली, तांदळाच्या पोत्यात तोंड घालून गेली. शेठ परत आले तर हरबा म्हणतो, "शेठ, लक्ष जरासुद्धा हललं नाही. दुकान जिथल्या तिथं आहे."

ती नोकरी गेली. पुढची मिळाली तेव्हा त्याची बायको सगुणा म्हणाली, "ही गेली तर घरात पाय ठेवायचा नाही, सांगून ठेवते!"

नवी नोकरी मात्र गमतीची होती. गावाबाहेरच्या मळ्यात शहरातली दोन-तीन कुटुंबं राहायला आली होती. त्यांनी मुलांना शाळेतून काढलं होतं. सकाळी घरी आई-बापच शिकवायचे, आणि दुपारी मुलं रानात. झाडावर चढा, ओढ्यात खेळा, चिखल करा. त्यांच्यातल्या मृदुलाताईंनी हरबाला मुलांसोबत जायला ठेवलं होतं.

"हरबा, आमच्या तात्यांना हे सगळं पटत नाही," ताईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तात्या म्हणजे त्यांचे सासरे, साताऱ्याचे निवृत्त हेडमास्तर. "ते रविवारी बघायला येणार आहेत. नाही आवडलं तर आमच्या रेवाला साताऱ्याच्या बोर्डिंगात घालतील. मग बाकीचेही आपापली मुलं नेतील, आणि हे सगळं बंद."

म्हणजे आपली नोकरीही बंद, एवढं हरबाला बरोबर कळलं.

"काय करायचं, ताई?"

"काही नाही. मुलांना रानात मोकळं सोडायचं."

हरबाने मुलं रानात नेली, मोकळी सोडली आणि घरी येऊन झोपला. संध्याकाळी मुलं परतली ती लोकांच्या म्हशींच्या मागून, उसाची कांडकी चघळत.

"अहो हरबा!" ताई कडाडल्या. "सोडायचं म्हणजे सोडून यायचं नाही! सोबत राहायचं. एकालाही डोळ्याआड होऊ द्यायचं नाही!"

"असं होय," हरबा म्हणाला.

घरी आला तो एक पाय उंबऱ्यावर अधांतरी धरून उभा राहिला. "ठेवू का?"

"नोकरी आहे ना?" सगुणाने आतून विचारलं.

"आहे."

"ठेवा मग."

दुसऱ्या दिवशी मुलांनी लपंडाव मांडला. रेवा जांभळीच्या मागे लपली, हरबा तिच्या मागे. एक पोरगं कडब्याच्या गंजीत शिरलं, हरबा पळत तिकडे. मग ओरडला, "ए राज्यवाल्या! रेवा जांभळीमागं, बंड्या गंजीत, आणि चिनू माझ्या धोतराआड! सगळे आहेत रे, काळजी नको!"

मुलं रडत घरी आली.

"अहो, खेळात तोंड उघडायचं नाही," ताईंनी समजावलं. "ज्याचं त्याला शोधू द्यायचं. कुणी पडलं तरी धावायचं नाही. आपलं आपण उठतात. त्यातूनच माणूस शिकतो."

"असं होय," हरबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ताईंचा चष्मा सापडेना. गाद्या उलटल्या, डबे उपसले, न्हाणीघर पाहिलं. हरबा मागे मागे, गप्प. शेवटी रेवा म्हणाली, "आई, डोक्यावर आहे."

"हरबा! तुम्हाला दिसत नव्हता?"

"मघापासून दिसत होता की. पण ज्याचं त्याला शोधू द्यायचं ना? तुम्ही मधे एकदा अगदी जवळ आला होता, कपाळ खाजवलंत तेव्हा."

ताईंनी तेच कपाळ धरलं. "अहो, मी काय लहान मूल आहे? ते सगळं लहानांसाठी! मोठ्यांना मदत करायची. तात्या आले की त्यांचा हात धरून नीट आणायचं."

"असं होय," हरबा म्हणाला.

रविवारी तात्या एसटीने आले. कडक इस्त्री, पांढरंशुभ्र धोतर. हरबाने थांब्यावरच त्यांचा हात पकडला. तात्यांनी पानपट्टीवर सुटे द्यायला हात ओढला, हरबाने सोडला नाही. तात्यांनी नाक पुसायला ओढला, तरी सोडला नाही. ओढा ओलांडताना तर दोन्ही हातांनी धरला. ओढ्याच्या मधोमध तात्यांचा संयम सुटला.

"अरे सोड! मी काय लहान आहे?"

हरबाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लहान आहात?"

"सोड म्हणतो ना!"

हरबाने सोडलं. तात्या धपकन चिखलात बसले.

काठावर मुलं उभी होती, ताई उभ्या होत्या. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हरबा मात्र हात मागे बांधून निवांत.

"अरे, बघतोस काय? उचल!"

"आपलं आपण उठायचं, तात्या. त्यातूनच माणूस शिकतो."

तात्या उठायला गेले, परत बसले. तेव्हा रेवा म्हणाली, "तात्या, तिथं गाळ आहे. डावीकडं खेकड्याचं बीळ आहे ना, त्याच्या बाजूला दगड आहे. तिथं पाय द्या."

"बीळ कुठलं ओळखू?"

"ज्याच्या तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या आहेत ते. रिकाम्या बिळापाशी गोळ्या सुकलेल्या असतात."

तात्यांनी वाकून बघितलं. गोळ्या होत्या. खेकडाही होता. हेडमास्तर चिखलातच बसले आणि नातीला प्रश्न विचारू लागले. ती उत्तरं देत गेली. नंतर त्यांनी धोतर खोचून लपंडावही खेळला, आणि या वेळी हरबाने कुणाचाच पत्ता सांगितला नाही.

निघताना तात्या म्हणाले, "सूनबाई, मुलं इथंच राहू देत. मी शब्द देतो, एकाही मुलाला साताऱ्याला नेणार नाही."

ताईंना रडू आवरेना. त्यांनी तात्यांना पेरूंची करंडी बांधून दिली.

"हरबा, तात्यांना एसटीवर सोडा. मुलांनो, तुम्हीही जा, टाटा करा."

एसटी आली. करंडी मागे ठेवून तात्या पुढच्या खिडकीशी बसले. दिवसभर खेळलेला म्हातारा, लगेच पेंगला. कंडक्टरने हलवून विचारलं, "आजोबा, मागची सगळी तुमचीच का?"

पेरूंची करंडीच म्हणत असेल, तिचं भाडं हवं असेल, असं तात्यांना वाटलं. "माझीच," म्हणाले, नोट दिली आणि परत डोळे मिटले.

साताऱ्याला तात्या उतरले. मागून करंडी घेऊन हरबा उतरला. त्याच्या मागून रेवा, बंड्या, चिनू आणि बाकीची सगळी वानरसेना, पेरू खात.

तात्यांचा आ वासला. "अरे गाढवा! तुला मला सोडायला सांगितलं होतं!"

"सोडलं की. पण सोडायचं म्हणजे सोडून यायचं नाही, ताईच म्हणाल्या."

"आणि ही पोरं?"

"ती डोळ्याआड कशी होऊ द्यायची?"

तात्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. पलीकडून मृदुलाताई ओरडत होत्या, "तात्या, हाच का तुमचा शब्द?"

तात्या कपाळाला हात लावून घरापाशी आले, मुलांना आत घेतलं. वळून बघतात तर हरबा उंबऱ्यावर एक पाय अधांतरी धरून उभा.

"आता काय?"

"तात्या, माझी नोकरी आहे ना अजून? नसली तर मी आपला बाहेरच थांबतो. पण मग रात्रभर दार उघडं ठेवा आणि पोरांना घेऊन माझ्यासमोर बसा, कुणी डोळ्याआड व्हायला नको."