पांढरी गोळी, पिवळी गोळी

एका गावात म्हादबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा, एवढाच त्याचा दोष.

त्याच्या बायकोला, तानूबाईला, संधिवात झाला. बोटं सुजून भोपळी मिरचीएवढी झाली, भाकरी थापता येईना. म्हादबाचा जीव कळवळला. तो तिला तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाई म्हणाल्या, "ही पांढरी गोळी सूज उतरवते. पोट भरल्यावर द्या."

घरी येऊन म्हादबाने शेजारणीने आणलेल्या चारही भाकरी खाल्ल्या, ढेकर दिली आणि उपाशी तानूबाईला गोळी दिली. गोळीनं तिच्या पोटात जळजळ सुरू झाली.

तो पुन्हा दवाखान्यात गेला, तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ज्याला गोळी, त्याचं पोट भरायचं."

"आत्ता कळलं," म्हादबा म्हणाला.

"आणि पांढरीनं नुसती सूज उतरते. मूळ दुखणं वेगळंच आहे. राखणदार बिथरलेत, घरच्याच माणसाला चावताहेत. ही पिवळी गोळी त्यांना शांत करते. आठवड्यातून एकदाच द्यायची."

सोमवारी म्हादबाने दारातल्या कुत्र्याला पोटभर दूधभाकरी घातली आणि वर पिवळी गोळी दिली. कुत्र्याने भाकरी खाल्ली, गोळी थुंकली.

"कुत्रा नव्हे," बाई म्हणाल्या. "राखणदार म्हणजे तानूबाईंच्या रक्तातले, रोगाशी लढणारे. गोळी त्यांना द्या. गुण यायला सहा आठवडे थांबा."

"आत्ता कळलं," म्हणून म्हादबा तिथल्याच बाकावर बसला. दवाखाना बंद करताना कंपाउंडरने त्याला उठवून घरी पाठवलं.

पुढे मात्र गोळ्या बरोबर गेल्या. महिना-दीड महिन्यात तानूबाईची बोटं वळू लागली. म्हादबाला आनंद मावेना.

बाई म्हणाल्या, "छान. पण पिवळीनं राखणदार सुस्तावतात, बाहेरचा आजार पटकन आत शिरतो. खोकणारं, शिंकणारं कुणी तानूबाईंच्या जवळ येऊ देऊ नका."

म्हादबाने त्याच दिवशी खोकणारा मेव्हणा परतवला. शिंकणारी शेजारीणही परतवली.

संध्याकाळी कित्येक दिवसांनी तानूबाईने स्वतः फोडणी घातली. मिरचीचा तिखट धूर नाकात गेला. तिला सटासट तीन शिंका आल्या.

म्हादबाने तिचा दंड धरला, तिला अंगणात नेऊन उभं केलं आणि आतून कडी लावली.

"अहो, दार उघडा. मी तानू."

"हळू बोला, बाई," म्हादबा आतून कुजबुजला. "घरात आजारी माणूस आहे."