नियम मिळाला नाही

“...मग लिहायचं कधी, महाराज? तेवढं एकच सांगा.”

विचारलं खरं, आणि धनपाल मगदूमला त्याची त्यालाच लाज वाटली.

समोर बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओवरीत लाकडी पाटावर महाराज बसले होते. डोळे मिटलेले, मोरपिसांची पिंछी मांडीशेजारी. तीन दिवस त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता की पाण्याचा थेंब नव्हता. अशा माणसापुढे आपलं रडगाणं काढून बसायचं म्हणजे हद्दच झाली.

पण धनपालची रजा आज संपत होती. उद्यापासून पुन्हा वीज खात्याचा फोन आणि तो.



दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात. उभ्यानं, ओंजळीत. तेवढ्यासाठीही सकाळी बस्तीतून निघताना ते मनाशी एक नियम धरतात: अमुक एक गोष्ट दिसली, तरच त्या दारात थांबायचं. ती गोष्ट कुठली, हे कुणाला सांगायचं नाही. दिसली तर आहार. नाही दिसली तर आल्या वाटेनं परत, आणि पुढचा दिवस उजाडेपर्यंत पाणीसुद्धा वर्ज्य.

गेले तीन दिवस महाराजांचा नियम कुणाच्याच दारात मिळाला नव्हता.

गावानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? पहिल्या दिवशी दारोदारी नारळ आणि कळस. दुसऱ्या दिवशी कुणी केळीचा घड धरला, कुणी उसाचं कांडं, कुणी जोडीनं आरती. आज तर चौगुल्यांच्या घरची सासू आणि सून एकाच कळसाला हात लावून उभ्या राहिल्या. हे दृश्य गल्लीनं या जन्मात पाहिलं नव्हतं. महाराजांचे पाय तिथंही थांबले नाहीत. पुढं गेल्यावर सासूनं कळस काढून घेतला म्हणतात.

धनपालनंही महाराजांच्या आहारासाठी चौका लावला होता. घर सारवून, धुऊन, सोवळ्यात स्वयंपाक करून तो आणि बायको त्रिशला रोज सकाळी दारात उभे राहत होते. “हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ...” आज महाराज अगदी उंबऱ्याशी आले. नजर एकवार दोघांच्या हातांवरून फिरली. आणि पुढं गेले. त्रिशला पदर तोंडाला लावून आत पळाली. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही.

खरं सांगायचं तर धनपालच्या पोटात दुसरंही एक होतं. महाराजांचा आहार आपल्या घरी झाला, की मग जवळ बसून मनातलं विचारायचं, असा त्याचा बेत होता.

कारण दीक्षा घेण्याआधी हे महाराज त्याच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यानं लिहिलेली पहिली गोष्ट त्यांनी भर वर्गात वाचून दाखवली होती. वाचून झाल्यावर वही परत देताना म्हणाले होते, “थांबू नकोस.”

मुनीला मागचं नातं नसतं. पण धनपालला होतं.

“तुम्हाला खोटं वाटेल,” तो म्हणाला, “पण श्वास घ्यायला सवड नाही महाराज. तालुक्यात कुठं तारेवर फांदी पडली, मी. डीपी जळाला, मी. कुणाच्या मळ्यातली मोटार बंद पडली तरी आई-बहिणीवरून शिव्या मला. जेवायला बसलो की फोन. देवाला हात जोडले की फोन.”

महाराज ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

“घरी आलो की आप्पा. अर्धं अंग गेलंय वडिलांचं. कूस बदलायची, पुसून घ्यायचं, भरवायचं. दोन पोरींचे अभ्यास. धाकट्या बहिणीचं ठरवायचंय. सगळं माझ्यावर उभं आहे हो. मी बाजूला झालो तर पत्त्यांचा बंगला कोसळावा तसं होईल.”

हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याची मान जरा ताठ झाली. दुःख सांगतानाही माणूस आपला मोठेपणा खाली ठेवत नाही.

“आणि मग सगळं आवरून कागद पुढं ओढला, की बसल्या जागी डोळा लागतो.”

“काय लिहायचं आहे?”

आवाज इतका क्षीण होता, की धनपालला वाटलं, भास झाला.

“गुऱ्हाळ,” तो म्हणाला. “आप्पांचं.”

आप्पा गुळव्या होते, रस आटवून गूळ करणारे. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा गुळव्या नव्हता. रसाच्या उकळीचा आवाज ऐकून ते काहील कधी उतरवायची ते सांगत. एक क्षण आधी उतरवली तर गूळ धरत नाही, उशिरा उतरवली तर करपतो. आणि त्या गुऱ्हाळावरची माणसं! चुलवाणापुढं जाळ घालून घालून डोळे गेलेला म्हादू. काहील उलटली तेव्हा पोराला बाजूला ढकलून स्वतः भाजलेली तानी. आप्पा सांगायला लागले की ऐकणाऱ्याच्या अंगाला वाफ लागायची. धनपालला त्याची कादंबरी करायची होती. लग्नाआधीपासून करायची होती. पहिल्या प्रकरणातली वाक्यंच्या वाक्यं त्याला पाठ होती.

“आप्पा सांगायचे, तेव्हा मी म्हणायचो, थांबा, जरा निवांत होऊ दे. मग बसू दोघं. पहिल्यापासून सगळं उतरून घेतो.”

“मग?”

“गेल्या दिवाळीत त्यांची वाचा गेली.”

महाराजांनी डोळे उघडले.

“आता नुसते बघतात,” धनपाल म्हणाला. “भरवताना माझ्या तोंडाकडं बघतात. मला वाटतं, विचारतात... झालं का रे लिहून? मी वाटी पुसायच्या निमित्तानं मान फिरवतो. म्हादूचं पुढं काय झालं, ते मला माहीत नाही महाराज. तानीला तिच्या नवऱ्यानं घरात घेतलं की नाही, माहीत नाही. ते एकट्या आप्पांना माहीत आहे. आणि ते आता कधीच...”

त्याला पुढं बोलवेना. चाळिशी उलटलेला, हाताखाली पन्नास माणसं असलेला तो गडी बस्तीच्या ओवरीत गुडघ्यांत तोंड घालून रडला.

महाराजांनी त्याला रडू दिलं.

देवळात कुणीतरी घंटेला हात लावला. 

“काय मिळालं म्हणजे लिहिशील?”

धनपालनं चेहरा पुसला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याजवळ तयार होतं. किती वर्षं तो ते स्वतःला सांगत होता.

“फार काही नको महाराज. एक खोली, जिचं दार लावून घेता येईल. फोन बंद. आप्पांजवळ बसायला आपलं कुणीतरी माणूस, म्हणजे जिवाला घोर नको. डोकं मोकळं पाहिजे, बघा. आणि सलग महिनाभर. मधे तोडायचं नाही. एवढं जमून आलं ना...”

“या आठवड्यात फोन वाजला?”

“नाही, बंदच आहे. चौका लावतोय म्हटल्यावर साहेब स्वतः म्हणाले, बंद ठेवा, आम्ही बघतो. एका शब्दात रजा दिली. मलाच नवल वाटलं.”

“आप्पांजवळ कोण आहे?”

“थोरली अक्का आलीय इचलकरंजीहून. आहारासाठी म्हणून मुद्दाम आली. तिच्या हातनं आप्पा नीट जेवतात.”

“आणि खोली?”



“मागची आहे,” तो सावकाश म्हणाला. “सोवळ्याचं सामान ठेवायला रिकामी केली होती.”

“दार?”

“आहे.”



“दुपारी काय करायचास?”

धनपालला काल दुपारची ती खोली आठवली. कडी लावून तो आत बसला होता. कागद होते, पेन होतं. बाहेर अक्का आप्पांशी काहीतरी बोलत होती. फोन कपाटात. कुणी हाक मारणार नव्हतं. तो कागदांकडं बघत बसला. मग भिंतीला पाठ टेकली. मग उताणा पडून पत्र्याकडं बघत राहिला. मग उठून, घड्या बसलेल्या चादरी पुन्हा एकदा घडी करून ठेवल्या.

“काही नाही,” तो म्हणाला. “अशा तुटक दुपारीत काय होतंय महाराज? सुरू करायचं आणि लगेच सोडायचं... त्यापेक्षा सुरूच नको. माझं लिहिणं तसलं नाही. मला महिना पाहिजे. एकदा तो मिळाला की...”

त्याचं त्यालाच ते वाक्य पुढं ढकलवेना. हेच वाक्य आप्पांना सांगितलं होतं. ते अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या कानाशी वाकूनसुद्धा सांगितलं होतं.



 आतून कुठून तरी राग वर आला. आपल्यावरचा होता, पण निघाला समोरच्यावर.

“आणि तुम्ही तरी काय करताय महाराज?”

बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

“अख्खं गाव ताटं वाढून उभं आहे. म्हाताऱ्या बायका उन्हात ताटकळतात. माझी बायको तीन दिवस रडतेय. तुम्हाला उठताना आधार लागतो, आवाज फुटत नाही, हे काय आम्हाला दिसत नाही? अन्न समोर आहे, भूक पोटात आहे, देणारे पाया पडताहेत. आणि तुम्ही एका अटीपायी दारावरून परत जाता! असा कसला नियम? जरा सैल केला असता तर काय बिघडलं असतं? तुमच्या मनातलं कोण बघायला आलं होतं?”

बोलता बोलता तो उठून उभा राहिला होता.

महाराजांना राग आला नाही. त्यांनी हळूच दोन्ही हात जुळवून ओंजळ केली. आहाराला करतात तशी. ओंजळ थोडी हलत होती. तीन दिवसांचं ते हलणं होतं. रिकाम्या ओंजळीकडं त्यांनी जरा वेळ पाहिलं...

मग ती तशीच त्यांनी धनपालपुढं धरली.

धनपालला काय करावं कळेना. तो खाली बसला.

“नियम मी उपास घडावा म्हणूनच धरतो, धनपाल,” महाराज म्हणाले. “तू तुझा महिन्याचा नियम कशासाठी धरलास?”